खांबापाशी उभा माणूस

मंगळवार, संध्याकाळ. बनशंकरी.

डोळे चुरचुरताहेत, तरी लिहून टाकते. आज माझ्या हातून एक माणूस पुसला गेला.

हल्ली एकच काम. प्रबोधनकाळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली रोमच्या जुन्या देवळांची चित्रं स्कॅन करायची आणि स्क्रीनवर त्यांचे डाग काढायचे. दुपारनंतर मला सगळंच डाग दिसायला लागतं. एका पडक्या देवळाच्या खांबापाशी तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका होता. काढला.

आमचं काम तपासणारे अण्णा मूळचे इथल्याच चामराजपेटचे, त्यांच्या मराठीत कानडी डोकावतं. त्यांनी भिंगातून मूळ कागद पाहिला. "स्वल्प इकडे ये, अक्का. हा डाग नव्हे, माणूस आहे. हा नसेल तर खांब केवढा ते कळायचं कसं?" ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

माणूस परत आणला. खांब एकदम आभाळाला भिडला. तोवर तो खांब बुद्धिबळातल्या प्याद्यासारखा दिसत होता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं!

घरी येताना आई आठवली. नव्या घराचे फोटो नागपूरला पाठवले, तेव्हा म्हणाली होती, "केवढं आहे काही कळत नाही गं. तू उभी राहा ना त्यात." मी उगाच चिडले. दमलेली होते, केससुद्धा विंचरलेले नव्हते.

आत्ता मोबाइल खिडकीत टेकवून हॉलमध्ये उभी राहिले. फोटो काढला. त्या माणसासारखीच, भिंतीपाशी.

केवढीशी खोली! आणि मी आईला सांगून बसलेय, ये राहायला, घर ऐसपैस आहे.