रिकाम्या खोलीतला सिग्नल

४ फेब्रु. नांदेड
पुन्हा गेला. रिसीव्हर बोटभर सरकवला आणि सिग्नल पडला. एक रेडिओलहर सरळ येते, दुसरी भिंतीवर आपटून, आणि दोघी एकमेकींना मारतात. चार वर्षं हेच मोजत आलेय. पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ मार्चअखेर संपते.

९ फेब्रु.
अरुंद झोताचा अँटेना लावला. भिंतीवरून येणं जवळपास बंद. कुठंही सरकवा, आलेख सपाट. गाईड सर पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले. "झालं की मग." चहा त्यांनीच सांगितला.

१२ फेब्रु.
आई कंधारहून डबा घेऊन आली. लॅबमध्येच बसवलं. स्टूल दोन अँटेनांच्या मधे आहे हे ध्यानात आलं नाही. सिग्नल गायब.
"मी बसल्यानं बिघडलं का गं?"
"न्हाई आई. तू जेव."
तिला उठवलं, आला. परत बसवलं, गेला. पूर्वी माणूस आडवा आला तरी भिंतीवरून थोडंफार यायचं. ती वाट मीच बुजवली.

१९ फेब्रु.
दोन रिसीव्हर. एकापुढं कुणी आलं तर दुसरा. एका माणसाला जमतं. एम.एस्सी.च्या वर्गातली पोरं आत सोडली, दोन्ही गेले. झोत रुंद केला की पहिलं दुखणं परत.


२३ फेब्रु.
सर म्हणाले, "माणसांची रीडिंग प्रबंधात घालू नको. रिकामी खोली म्हण आणि मोकळी हो."
"रिकाम्या खोलीत हे लागतं कुणाला, सर?"
 मग, "मी जूनमध्ये रिटायर होतोय. नंतर तुला कोण घेणार?"
खरंय.

१ मार्च. लातूर
मोठ्या भावाकडं, मिलिंददादाकडं. त्यानं एका क्लासमध्ये शब्द टाकलाय, फिजिक्स शिकवायला. डेमो दिला. आवडला म्हणे.
"लई झालं आता तुझं. आईला बी वाटतं."
आईला विचारायची हिंमत होत नाही.

१० मार्च. नांदेड
पीएच.डी.च्या समितीपुढं सगळं दाखवलं, माणसांच्या रीडिंगसकट. सर खाली बघत होते. एकानं विचारलं, "मग याचा उपयोग काय?"  बाहेर बसवलं. नंतर कुणी बोलावलंच नाही.

१४ मार्च. लातूर
क्लासवाल्यांना उद्या हो-नाही कळवायचंय. दुपारी सरांचा फोन.
"समितीनं सही केली नाही. नाकारलं पण नाही."
"मी काय करू, सर?"
"मला पण कळत नाही, बाळ."
दादा दारात. "काय म्हणले?"
"काही नाही."
मुदतीचे सतरा दिवस उरलेत; लॅबकडं, नांदेडला जाणारी बस सकाळीच आहे. क्लासवाल्यांना कळवायचं तेही सकाळीच.