गंजाडचं व्हर्साय

१ जानेवारी
संकल्प: दरवर्षी परदेशातला एक राजवाडा बघायचा. सुरुवात फ्रान्सच्या व्हर्सायपासून. मग बकिंगहॅम, मग तुर्कस्तानचा तोपकापी. मोबाईलवर सगळे बघून झालेत, गाईड लागणार नाही. तलासरीत माझ्याएवढा राजवाड्यांचा अभ्यास कुणाचा नसेल. पण माझ्यासारख्या मंडप डेकोरेशनवाल्याने उगाच शायनिंग मारू नये. आज फक्त चहावाल्याला सांगितलं. आणि सलूनमध्ये.

९ फेब्रुवारी
पासपोर्टसाठी फोटो काढला. डोळे मिटलेले आले. असो. व्हर्साय कुठे पळून जात नाही.

२ एप्रिल
गंजाडहून तानीताईचा फोन. भाचीचं, शितलचं लग्न ठरलं. मंडपाचं मामाने बघायचं. डोक्यात लख्ख उजेड पडला. मी व्हर्सायला कशाला जाऊ? व्हर्सायच गंजाडला नेतो. थर्माकोलमध्ये. शितलला शब्द दिला की तुझं लग्न राजवाड्यातच लागेल. ती म्हणाली, मामा, आधी पंख्यांचं बघ. लाजते पोरगी.

२४ एप्रिल
ताईच्या अंगणात काम जोरात. खांब, कमानी, वर सोनेरी मुकुट. आरसे-महालासाठी सलूनवाल्या अमृतचे दोन आरसे मागून आणले. भाऊजी विचारतात, बैल कुठे बांधू. व्हिजनच नाही.

२६ एप्रिल
किरकोळ अडचण. आम्हा वारल्यांत लग्न चौकासमोर लागतं, आणि चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, काढतात घरात, कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. म्हणजे वऱ्हाड घरात आणि राजवाडा बाहेर. लग्न लावणारी धवलेरी, सोनीबाई. तिला सुचवलं, चौक यंदा राजवाड्यात काढ. ती म्हणाली, पालघट देवी शेणा-गेरूच्या भिंतीवर बसते, टीव्हीच्या पॅकिंगवर नाही.
एवढंच ना?

२७ एप्रिल
अख्खं व्हर्साय शेणा-गेरूने सारवलं. सॅम्पल म्हणून पीठ कालवून खाली एक चौक मीच काढला. फ्रान्सवाल्यांना हे सुचलं नव्हतं. आता सोनीबाई नाही म्हणूच शकत नाही. म्हणाली तर शितलला तोंड कसं दाखवू?

२८ एप्रिल, सकाळ
पीठ टिपायला ताईच्या कोंबड्या आल्या. पीठ संपल्यावर थर्माकोल सुरू केला. गुडघ्यापर्यंतचं व्हर्साय खाल्लं.

दुपार
आरशातल्या कोंबड्याशी कोंबडा भांडला. एक आरसा गेला. अमृतला सध्या कळवत नाही.

संध्याकाळ
लांबून काही कळत नाही. सोनीबाई घरात चौक काढायला आली, ती आधी दारात उभी राहून राजवाडा बराच वेळ बघत होती. भारावली असावी.

२९ एप्रिल
लग्न घरातच लागलं. आत धवलेरीची गाणी, बाहेर राजवाड्यात मी आणि कोंबड्या. फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं.
मग शितल हळदीच्या हाताने मला ओढत आत घेऊन गेली. म्हणाली, मामा, शब्द पाळलास, बघ. चौकाशेजारी, झाडं आणि नाचणारी माणसं यांच्यामध्ये सोनीबाईने माझा राजवाडा काढला होता. खांब, कमानी, मुकुट, आतल्या कोंबड्या, काही सोडलं नव्हतं. ऊर भरून आला. देवीच्या शेजारी व्हर्साय!
नवऱ्याकडचे एक म्हातारबाबाही येऊन टक लावून बघत राहिले. म्हणाले, एवढं मोठं कोंबड्यांचं खुराडं आमच्या झरी गावात कुणाकडे नाही. कोण बांधून देतो, विचारत होते.
नंबर दिला.