नेला, तुझं कॅल्शियम तपासून घे

हॅलिफॅक्स, उत्तर क्वीन्सलँड
१४ मार्च

प्रिय नेला,

तू आणि रॉस खुशाल असाल. आम्ही दोघं बरे आहोत. पाऊस अजून पुरता गेलेला नाही, नदी दोनदा रस्त्यावर येऊन गेली, पण ऊस छान उभा आहे. दीनोचा गुडघा कुरकुरतो, तरी आपल्या इटालियन क्लबात जाऊन गोळे गडगडवायचा तो खेळ खेळायचा आणि हरलो की जमिनीला उतार आहे म्हणायचं, हे चालूच आहे.

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच टाकून देशील अशी भीती होती, म्हणून मागच्या बाजूला ‘तब्येतीसंबंधी’ असं मोठं लिहिलं. दीनो म्हणाला, “सरकारी नोटीस वाटेल.” वाटू दे. उघडलंस ना?

तर तब्येतीचंच आधी. गेल्या जुलैत आम्ही शेडमध्ये डुकराच्या मांसाचे सलामी सॉसेज भरत होतो. मी, दीनो आणि शेजारची ब्रूना. माझे हात कोपरापर्यंत मांसात, आणि एकदम डाव्या कुशीत अशी कळ आली की मी खाली उकिडवीच बसले. दीनो पांढराफटक. “हार्ट आहे का गं, हार्ट?”

“हार्ट कुशीत असतं का रे, गाढवा?” एवढं बोलले आणि भडाभडा ओकले. ब्रूनाने आधी मांसाचं घमेलं बाजूला ओढलं, मग मला धरलं. ते मी तिला अजून ऐकवते.

टाउन्सव्हिलला नेलं. मूतखडा निघाला. अठरा मिलिमीटरचा. आमच्या या उकाड्यात मूतखडा होणं नवं नाही, अर्ध्या क्लबाला होऊन गेलाय. जो तो येऊन सांगायला लागला, पालक सोड, लिंबूपाणी पी. पण तिथल्या डॉ. ट्रेवेना म्हणून बाई आहेत, उंच, हसऱ्या, त्या म्हणाल्या, “थांबा. खडा कसला आहे ते कळल्याशिवाय काही सोडू नका आणि काही धरू नका.”

पालक-बिलक ज्याला सोडायला सांगतात तो खडा वेगळा, बहुतेकांना तोच होतो. माझा होता फॉस्फेटचा, आणि त्यातही पुन्हा दोन जाती. एक जंतूंमुळे होतो. लघवीला सारखा संसर्ग झाला की तो भराभर वाढतो आणि हरणाच्या शिंगांसारखा सगळ्या मूत्रपिंडात पसरतो. मला वर्षात तीनदा संसर्ग झाला होता, म्हणून आधी त्यांना तोच वाटला. दुसरा होतो कॅल्शियमचा. बाहेरून लहरींचे धक्के देऊन फोडायला गेले तर माझा खडा ढिम्म. बाई म्हणाल्या, “हा मोठा हट्टी आहे.” दीनो म्हणाला, “घरचाच आहे.” शेवटी पाठीतून बारीक नळी घालून, आतच फोडून, कण न् कण बाहेर काढला. एकही कण मागे ठेवत नाहीत, नाहीतर त्याच्यावर पुन्हा थर चढायला लागतो. मग ते तुकडे तपासायला पाठवले, तेव्हा ठरलं, कॅल्शियम फॉस्फेट.

आणि मी काय करत होते माहितेय? लघवीला जळजळ झाली की पाण्यात टाकायची ती फसफसणारी पावडर रोज दोनदा. वर पित्तासाठी खडूच्या गोळ्या. बाईंनी डोक्याला हात लावला. पावडरीने लघवीतलं आम्ल जातं आणि फॉस्फेटला नेमकं तेच हवं असतं. गोळ्यांमधून कॅल्शियम. “तुम्ही याला दोन वेळचं जेवण घालत होतात,” म्हणाल्या. माझ्या खड्याला लिंबूपाणीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आता नुसतं साधं पाणी, दिवसाला तीन लिटर. मी बाजारात गेले की आधी संडास कुठे आहे ते बघते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एवढं कॅल्शियम येतं कुठून म्हणून त्यांनी रक्त तपासलं, तर तिथेही वाढलेलं. मानेत चार बारक्या ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्यातली माझी एक चवळीच्या दाण्याएवढी फुगली होती आणि हाडांमधलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत होती. निदान दहा वर्षं तरी, म्हणतात. ऑक्टोबरमध्ये ती काढली. गळ्यावर वण आहे, दोन बोटांचा. मोत्यांची माळ घातली की दिसत नाही.

तुला हे सगळं लिहायचं कारण असं की बाईंनी घरच्यांबद्दल विचारलं. मी मम्माचं सांगितलं. तिची मोडलेली हाडं, तिचा मूतखडा, शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. त्या म्हणाल्या, कदाचित आईलाही हेच असेल, आता सांगता येणार नाही. पण बहीण असेल तर तिला एवढं सांगा की कॅल्शियम तपासून घे. साधी रक्ताची तपासणी आहे, नेला. करून घे.

पत्र इथेच संपवायचं ठरवलं होतं. सही करून पाकीट चिकटवायचं.

पण मी किती बरी आहे ते तुला सांगायचंय. नोव्हेंबरमध्ये एक दिवस मी भांडी घासता घासता गुणगुणत होते, तर दीनो बाहेरून ओरडला, “कोण आलंय घरात?” त्याला खरंच वाटलं की कोणी पाहुणी आलीय! दुखणारी हाडं, दुपारी तीनलाच संपून जाणारा जीव, जो समोर येईल त्याच्यावर खेकसणं, हे सगळं मला वयाचं वाटायचं. माझा स्वभावच वाटायचा. बाई म्हणाल्या, रक्तात कॅल्शियम वाढलं की माणूस थकतो, उदास होतो, चिडचिडा होतो. दीनोचा चेहरा तू बघायला हवा होतास. घरी येताना गाडीत तो म्हणाला, “मग नेलाशी जे झालं तेही त्या गाठीमुळेच म्हणायचं! लिहून टाक तिला.”

मीही महिनाभर तेच धरून बसले. किती सोयीचं होतं. मग पुढच्या तपासणीला मी बाईंना विचारलं, “ही गाठ माणसाला खोटं बोलायला लावते का हो?” त्या हसल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “ते मला रक्तात दिसत नाही.”

आता लिहिते.

मम्माच्या शेवटच्या आठवड्यात, रविवारी, तुझा फोन आला. तू विचारलंस, “एर्सिलिया, मी येऊ का?” मी म्हटलं, “गरज नाही. डॉक्टर म्हणतात सुधारतेय.” नेला, त्याच दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले होते की ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. तिला न्यूमोनिया झाला होता, हॉस्पिटलात ठेवलं होतं. मला सगळं कळलं होतं. मंगळवारी संध्याकाळी ती गेली, आणि तू बुधवारी ॲडलेडहून आलीस.

आणि मातीनंतरच्या जेवणात, सगळ्यांच्या देखत, ब्रूनाच्या, फादरच्या, अख्ख्या क्लबाच्या देखत, मी तुला म्हटलं, “आलीस का एकदाची? फोनवरून मुलगी व्हायला काय लागतं!” तू ताट खाली ठेवलंस आणि निघून गेलीस. तुला उशीर मी करवला होता आणि तो तुझ्या तोंडावर मीच मारला.

आवाज चढवला तो त्या गाठीने असेल. खोटं मी बोलले. का, तेही सांगते. सतरा महिने मी तिला अंघोळ घातली, भरवलं, कुशीवर वळवलं, आणि ती मला तुझ्या नावाने हाक मारायची. तू आली असतीस तर ती उजळली असती, आणि मी पुन्हा चादरी बदलणारी झाले असते. मला ते शेवटचे दोन-तीन दिवस माझ्या एकटीसाठी हवे होते. मिळाले. त्यातही तिने तुलाच विचारलं.

हे दीनोला या रविवारी सांगितलं. त्याने खणातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, “टपाल सकाळी अकराला जातं.”

तू माफ करावंस असं मी लिहीत नाही, कारण तुझ्या जागी मी केलं नसतं. फक्त तुला हे ठाऊक असावं की तू उशिरा आली नव्हतीस. आणि रक्त तपासून घे.

तुझी मोठी बहीण, जिने तुला फसवलं,
एर्सिलिया


ॲडलेड
९ एप्रिल

एर्सिलिया,

पत्र पोचलं. नोटीसच वाटली.

रक्त तपासलं. कॅल्शियम अगदी हवं तेवढं आहे. म्हणजे गेली सहा वर्षं मी जो राग धरला तो माझा स्वतःचा, त्याला कुठली गाठ नाही. रॉस म्हणाला, “डॉक्टरांना पुन्हा एकदा तपासायला सांग.” मी त्याला उशी फेकून मारली.

तू त्या रविवारचं जे लिहिलंस ते मला ठाऊक होतं. त्या बुधवारी मम्माला बघायला गेले तेव्हा हॉस्पिटलातल्या नर्सने सांगितलं होतं, सहज, तिला वाटलं मला माहीतच असेल. मी त्या जेवणाला आले तेव्हा मला ठाऊक होतं, आणि तरीही तुझ्या शेजारी येऊन बसले होते. वाटलं होतं तूच सांगशील, मग दोघी रडू. तू वेगळंच बोललीस. नंतर प्रत्येक नाताळाला तुझं कार्ड यायचं, नुसती सही. मी ते उलटून बघायची, मागे काही लिहिलंय का.

सतरा महिन्यांचं मला माहीत नव्हतं. म्हणजे महिने मोजता येत होते, पण ती तुला माझ्या नावाने हाक मारायची हे तू कधी बोलली नाहीस. मी रविवारी पंधरा मिनिटं फोन करायची आणि ती म्हणायची, “एर्सिलिया आहे ना, मला काही कमी नाही.” मला वाटायचं तुला ते माहीत आहे. दर रविवारी म्हणायची, एर्सिलिया. तुझ्या तोंडावर म्हणाली नसेल. मम्माच ती.

माफ केलं असं अजून लिहवत नाही. लिहिलं तर तेही खोटं होईल, आणि आपल्या दोघींत आता तेवढं नको. पण जूनच्या सात तारखेचं विमान घेतलंय, टाउन्सव्हिलपर्यंत. दीनोला न्यायला यायला सांग, तू पाठीची काळजी घे. तो वण मला बघायचाय. मोती घालू नकोस.

आणि एक. त्या शेवटच्या दिवसांत मम्माने माझ्याबद्दल काय विचारलं, कुठल्या शब्दांत, ते पत्रात मुळीच लिहू नकोस. ते ऐकणारी तू एकटीच होतीस. मला समोर बसवून सांग, तिच्याच आवाजात, जसंच्या तसं.

तुझ्याकडे यायला निघालेली,
नेला