'बघू' म्हणजे नाही

प्रिय बघू,

सोमवारी कोर्टात तुझी साक्ष आहे आणि तिथे तुला तुझ्या खऱ्या नावाने पुकारतील, तेव्हा दचकू नकोस. घरात त्या नावाने तुला कोणी हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. शर्ट आवडला का विचारलं, की तू बघू. मामा पोहायला चल म्हणाले, की बघू. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, याचं नावच बघू ठेवा, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कुणाला तोंडावर नाही म्हणायचं तुझ्या जिवावर येतं, एवढंच त्यामागचं कारण. तुझं बघू म्हणजे नाही, हे आपल्या मांजरालासुद्धा कळायचं. तू बघू म्हणालास की ते दुधासाठी माझ्याकडे यायचं.

इकडे सगळं बरं आहे. शाळेने मला काढून टाकलं नाही, बसमध्येच दुसरं काम दिलंय. मी आता दाराशी उभी राहून मुलांना चढवते, उतरवते, कुणाची बाटली राहिली ते बघते. स्टिअरिंगवर नवीन बाई आहे. चांगली चालवते, पण ब्रेक कचकन लावते. मागच्या सीटवर झोपलेलं पोर जागं होणार नाही असा ब्रेक मी लावायचे, हे तुला सांगायला नको. त्याला पावलाचा पुढचा भाग हळूहळू दाबावा लागतो आणि तो दाब घोट्यातून येतो. माझा उजवा घोटा आता वाकतच नाही. पाऊल फळीसारखं सरळ, दाबायचं तर अख्खी मांडी उचलावी लागते. मोठी गाडी चालवायला परवानगी मिळणार नाही असं तपासणीत स्पष्ट सांगितलं. दुखणं मात्र पार गेलंय. डॉक्टरांचा हात चांगला आहे, हे मला विचारलं तर कोर्टातही कबूल करीन. लोकांना तेच कळत नाही. ऑपरेशन इतकं छान झालंय तर ही बाई भांडतेय कशासाठी, असं परवा शेजारच्या काकूंनीही सुनावलं.

त्या दिवशीचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. ठरलं होतं ते एवढंच, की दुर्बीण घालून सांधा साफ करायचा. मी त्यालाच हो म्हटलं होतं. भूल फक्त कमरेखाली दिली होती. छातीशी हिरवा पडदा, पलीकडे डॉक्टर, अलीकडे मी आणि भूल देणाऱ्या बाई. मी चांगली टक्क जागी होते. त्यांचा मुलगा बसमध्ये फार दंगा करतो म्हणून त्या मला उपाय विचारत होत्या आणि मी सांगत होते, की दंगेखोराला घंटा वाजवायचं काम द्यावं. मध्येच डॉक्टर बाहेर जाऊन आले. मग ड्रिलचा आवाज सुरू झाला. साफसफाईला ड्रिल लागतं का, असं मी विचारलंही. बाई म्हणाल्या, लागतं कधी कधी. मी पुन्हा घंटेकडे वळले. माझ्या घोट्यात स्क्रू बसत होते आणि मी दुसऱ्याच्या पोराला शिस्त लावत होते. आठवलं की अजून माझं डोकं सणकतं.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. आतली गादी पार झिजलीय, आत्ताच सांधा कायमचा जोडून टाकू का, पुन्हा उघडायला नको, असं डॉक्टरांनी तुला विचारलं आणि तू म्हणालास, बघू. त्यांनी मान हलवली आणि आत आले. आता त्यांचं म्हणणं असं, की रुग्णाच्या भावाला विचारलं होतं, त्याने हरकत घेतली नाही. त्या माणसाने तुला पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्याला आपल्या मांजराइतकं कुठून कळणार?

वहिनीचा फोन आला होता. तू आरशासमोर उभा राहून, मी ठामपणे नाही म्हणालो, याची तालीम करतोस म्हणे. तेवढं करू नकोस. जन्मात तू ठाम नाही म्हणालेला नाहीस, समोरचा वकील दोन प्रश्नांत तुला उघडा पाडेल. बघू म्हणालो, असंच सांग. आणि मला तुझ्या खोट्याची गरजही नाही. तू तेव्हा नाचत हो म्हणाला असतास तरी पाय माझा होता. दार उघडून तुझ्यापर्यंत येण्यापेक्षा तो पडदा बाजूला करणं सोपं होतं. मी तिथेच होते, बोलत होते. भूल देणाऱ्या बाईंनी साक्षीत घंटेची गोष्टसुद्धा सांगितली. आमच्या वकीलबाई म्हणतात, सगळी केस त्या घंटेवर उभी आहे. जिंकू की नाही ते सांगता येत नाही. पण हे बोलणं तिथे सगळ्यांसमोर व्हायला हवं, एवढं मला हवंय.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. प्लॅस्टर काढलं त्या दिवशी तू जिन्यात थांबून मला विचारलं होतंस, ताई, माझ्यावर राग नाही ना, मला माफ करशील? मी म्हटलं, बघू. तू खाली उतरलास आणि तेव्हापासून घरी आला नाहीस. आपल्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मला माहीत होतं, आणि मी तो तसाच वापरला होता. राग होता मला तुझा, खूप होता. आता नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर बदलून देतेय, आणि ते तू ऐकल्यासारखं करून भलतंच समजू नयेस म्हणून लिहून देतेय. हो. सोमवारी साक्ष झाली की सरळ घरी ये.

तुझीच, आणि हे पूर्ण शुद्धीत लिहिणारी,
ताई