बाटलीतलं औषध गेलं कुठे?

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी पोट आतून केळ्याएवढं केलं असलं तरी बाहेरून ते होतं तेवढंच आहे, त्यामुळे आठ अंगांच्या आधी तेच टेकतं. हे कसं, ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढणं बंद केलंस का? भाऊजी इथे मजेत आहेत. माझ्या सोबतीला म्हणून तू त्यांना पाठवलंस, हे उपकार की आणखी काही, ते पुढचं वाचून तूच ठरव.

वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन मी घरी आलो, आणि आठवड्याभरात अंगात ताप भरला नि डावा खांदा ठणकू लागला. कापलं पोट आणि दुखतोय खांदा, हे गणित मला सुटेना. सर्जन मात्र गंभीर झाले. पोटाची शिवण कुठे उसवली असेल तर असं होतं, फोटो काढून बघू, म्हणाले. उसवली असेल तर पुन्हा उघडावं लागणार.

हा फोटो म्हणजे सीटी स्कॅन. त्याआधी एक बाटलीभर औषध प्यायचं असतं. ते जिथे जाईल तिथे फोटोत पांढरं दिसतं, आणि शिवणीतून बाहेर गळलं तर बाहेर दिसतं. इथवर मला कळलं. पण नर्सबाई म्हणाल्या, अख्खी बाटली संपवा. आणि सर्जननी तर बजावलं होतं की एका वेळी घोटभरच प्यायचं. इकडे आड, तिकडे विहीर. मी दोघांचा मान राखत दोन-चार घोट घेतले, तेवढ्यात कपडे बदलायला बोलावलं. तो पाठीमागे नाड्या असलेला झगा (त्याची पुढची बाजू कुठली, यात बराच वेळ गेला) घालून आलो, तर बाटली रिकामी. मला वाटलं, नर्सबाईंनी ओतून टाकली. नर्सबाईंना वाटलं, मी संपवली. त्यांनी माझं कौतुक केलं. कशाचं ते कळलं नाही, पण मी ते घेतलं.

फोटो निघाला. फोटोच्या डॉक्टरांनी पडद्याकडे बघून सर्जनना बोलावलं. पोटात पांढरं जेमतेम दोन चमचे, आतड्यात नाही, बाहेरही नाही. मग बाटलीभर औषध गेलं कुठे? मला विचारलं, सगळं संपलं होतं ना? कौतुक करणाऱ्या नर्सबाई शेजारीच उभ्या, म्हणून मी म्हटलं, बाटली तर रिकामी होती. दोघांची बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी ठरलं, उघडूनच बघावं. मला ढकलगाडीवर घातलं. भाऊजी माझा हात धरून शेजारून चालत होते, चेहरा पडलेला. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी ते एकदम थांबले.

"डॉक्टर, त्याला उघडू नका. बाकीचं माझ्या पोटात आहे."

धक्क्याने यांचं डोकं फिरलं, असंच सगळ्यांना वाटलं. मग त्यांनी सांगितलं की, याला संपत नव्हतं, बाई रागावल्या असत्या, आणि उष्टं टाकायचं कसं, म्हणून मी पिऊन टाकलं. (तुझ्या घरी त्यांनी कुणाच्या पानात कधी काही उरू दिलंय का?) चव बरी होती, मीठ कमी होतं, असंही म्हणाले. डॉक्टरांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांच्याही पोटाचा फोटो काढला. सगळं औषध तिथे सुखरूप सापडलं. माझी शिवण शाबूत आहे. ताप छातीतल्या कफाचा निघाला. खांदा का दुखतो, ते सांगितलं, पण तेव्हा मी आनंदाने रडत होतो, त्यामुळे ऐकायचं राहिलं.

तुझा,
न उसवलेला भाऊ

ता. क. वरचं पत्र भाऊजींनी वाचलं, हसले, आणि पाकीट आणायला गेलेत. तेवढ्यात लिहितो. त्यांच्या फोटोत पित्ताच्या पिशवीत चांगला मोठा खडा दिसला. मधूनमधून दुखायचं, पण ते कुणाला बोलले नव्हते. ऑपरेशन करून घ्या म्हटल्याबरोबर ते चपला शोधायला लागले. तुला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातलीय. (मी नुसतं "हं" म्हणालो. त्याला शपथ घेणं म्हणतात का?) मला त्यांची फार काळजी वाटते. माझं ते ऐकत नाहीत. तू ये.

आणखी एक. भाऊजींना मात्र, माझ्या शिवणीची काळजी वाटते म्हणून येतेय, असंच सांग. माझ्यासाठी येतेस म्हटलं तर ते तुला घ्यायला स्टेशनावर येतील. त्यांच्यासाठी येतेस असं कळलं, तर तू पोचेपर्यंत इथे सापडायचे नाहीत.