शेवंती, हॅलोजन आणि मराठी साहित्यातील अंधार

१२ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी ४
सुलक्षणा पुण्याला गेली. स्नेहलला डॉक्टरांनी बाळंतपण होईपर्यंत बेडरेस्ट सांगितली आहे. लेक तिकडे एकटी, म्हणून आईची ड्यूटी. दोन महिने तरी. घरात मी एकटा. निवृत्तीनंतर तीन वर्षं ज्या एकांताची वाट पाहत होतो तो शेवटी आला. ग्रंथ आता होणार. विषय: मराठी साहित्यातील अंधार आणि प्रकाश यांची प्रतीकं. तीन खंड. रोज पाच पानं, म्हणजे दसऱ्यापर्यंत अडीचशे.

जाताना तिने एकच काम सांगितलं. दिवस मावळला की ओट्यावरचा हॅलोजन लावायचा नाही. ओट्यासमोर तिची वीस गुंठे शेवंती आहे. घरात सगळ्यांशी भांडून, ऊस मोडून लावलेली. थोरले बंधू, म्हणजे दादा, गावात राहतात, शेती बघतात. त्यांनी अट घातली आहे की दिवाळीला फुलं आली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा ऊस. शेवंतीला रात्रभर काळोख मिळाला तरच कळी धरते, असं सुलक्षणाचं म्हणणं. "अहो, एवढंच करा. बाकीचं शेतातलं सिंधूबाई बघत्यात."

एवढंच. सोपं आहे.

रात्री ८.१०
हॅलोजन बंद. ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. अंधाराचा अनुभव घेतल्याशिवाय अंधारावर लिहिणं अप्रामाणिक ठरेल.

८.१६
अनुभव घेतला. पुरेसा आहे. शेजारच्या उसात काहीतरी खसखसलं. बिबट्याच असेल असं नाही. आत आलो. कडी लावली, ती वाऱ्यामुळे.

१३ ऑगस्ट
घरात विचार सुचत नाहीत. ओट्यावर सुचतात. ओट्यावर लिहायला उजेड लागतो. तर्कात कुठे चूक दिसत नाही. फक्त एक तास हॅलोजन लावणार.

नऊ वाजता सुलक्षणाचा फोन. दिवा बंद केला का? म्हटलं, हो. करणारच होतो.

१४ ऑगस्ट
रात्रभर चालू राहिला. खिडकीतून येणाऱ्या उजेडात झोप छान लागते, हे नव्याने कळलं. आजपासून नक्की बंद.

२० ऑगस्ट
ग्रंथाची दीड पानं झाली. गती कमी वाटते, पण पाया खोल खणतो आहे. मुख्य सिद्धांत पक्का झाला: प्रकाश म्हणजे ज्ञान, वाढ, जीवन. अंधार म्हणजे अज्ञान आणि ऱ्हास. अंधारात काही चांगलं घडल्याचं साहित्यातलं उदाहरण शोधतोय, सापडत नाही. (अजून कपाट उघडलेलं नाही.) तेव्हा सुलक्षणाचं शेवंतीबद्दलचं मत साहित्याशी जुळत नाही. तिला दोष नाही. तिचा विषय वेगळा.

हॅलोजन: चालू.

३१ ऑगस्ट, रविवार
गावच्या ग्रुपवर मेसेज. नदीकडच्या वस्तीवरून बिबट्याने कुत्रं उचललं. वस्तीवरच्या लोकांनी रात्री दिवे चालू ठेवावेत. मेसेज कोणी टाकला कळत नाही, पण जबाबदार माणूस वाटतो. दिवा आता सार्वजनिक सुरक्षेची बाब झाली. मी वैयक्तिक आवडीनिवडी बाजूला ठेवल्या.

७ सप्टेंबर
सुलक्षणाचा फोन. तिने विचारायच्या आत हो म्हटलं. ती म्हणाली, "मी स्नेहलच्या गोळ्यांचं सांगत व्हते."

ग्रंथ: दोन पानं. पहिलं पान फाडलं, म्हणजे एक.

१४ सप्टेंबर
सिद्धांताला भक्कम पुरावा मिळाला! शेवंतीचे चोवीस बेड, म्हणजे वाफे, आहेत. ओट्याजवळचे नऊ, जिथे माझा उजेड पडतो, ते मांडीएवढे झालेत. हिरवेगार, टवटवीत. पलीकडचे पंधरा बुटके. वाढच नाही. अंधारातले, दुसरं काय होणार.

खुरपायला सिंधूबाई आल्या होत्या. त्यांना दाखवलं. त्या खाली वाकून बराच वेळ शेंडे चाचपत राहिल्या. म्हणाल्या, "सर, ही लय माजल्यात. पर कळी कुठं हाय? तिकडच्या बेडास्नी हरभऱ्याएवढी कळी लागली." मी म्हटलं, आधी वाढ, मग फूल. म्हणाल्या, "व्हय, तुम्ही शिकल्यालं." कौतुक ऐकून बरं वाटलं.

मग विचारलं, "राती दिवा चालू ऱ्हातो का?" त्या चारलाच घरी जातात, त्यांना ठाऊक नाही. मी म्हटलं, मधूनमधून. "बाईंना फोन लावू का?" नको म्हटलं, त्यांना तिकडे आधीच टेन्शन आहे. दुसऱ्याचा विचार करायची सवय मला लहानपणापासून आहे.

२० सप्टेंबर
दादा बांधावर येऊन नऊ बेड बघून गेले. बोलले काहीच नाहीत. हसल्यासारखे वाटले.

रात्री दिवा बंद करून पाहिला. चार मिनिटं. डोळे अधू झाले आहेत, या वयात एकदम अंधार सोसत नाही. चष्म्याचा नंबर तपासायला हवा.

२७ सप्टेंबर
नात झाली. दोघी सुखरूप. फोनवर सुलक्षणा रडली, मीही थोडा. ठेवताना तिने विचारलं, "आन् शेवंती? दिवा बंद असतो ना?" हो म्हटलं. खोकला आला. हवा बदलली आहे, वाफ घ्यायला हवी.

१ ऑक्टोबर
दौंडच्या वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलं. तीन खंडांपेक्षा एक व्याख्यान जास्त लोकांपर्यंत पोहोचतं. तेव्हा ग्रंथ सध्या व्याख्यानाच्या रूपात. चाळीस मिनिटं. कवितेतली उदाहरणं शोधायला वेळ नाही, पण आपल्या शेतातलं जिवंत उदाहरण असताना पुस्तकं कशाला?

५ ऑक्टोबर, रविवार. रात्री ८
व्याख्यान झालं. हॉल भरला होता. माझ्यानंतर तिथेच फूलशेतीवर चर्चासत्र होतं, मंडळी जागा धरायला आधीच येऊन बसली होती. असा योग क्वचित येतो.

नऊ बेडांचं उदाहरण रंगवून सांगितलं. उजेडातलं रोप उंच, अंधारातलं खुजं. माणसाचंही तसंच, वगैरे. टाळ्या वाजायच्या जागी थांबलो. वाजल्या नाहीत. मग दुसऱ्या रांगेतून वरवंडचे एक फूलवाले उठले. मारुतराव नाव. त्यांनी विचारलं, "सर, कळी किती लागली त्या नऊ बेडांना?"

म्हटलं, अजून नाही, पण वाढ तर बघा.

मागून कोणीतरी बोललं, "मास्तरांनी शेवंतीला ट्यूशन लावली रातची." हसणं काही थांबेना. मारुतराव मात्र हसले नाहीत. जवळ येऊन हळू म्हणाले, "उजेडात तिला वाटतं आजून उन्हाळाच हाय, रात बारकीच हाय. मंग ती नुसती वाढत बसती. रात मोठी झाल्याली तिला कळली, तवाच कळी धरती. आजच्या आज दिवा बंद करा. दिवाळी तर गेली त्या बेडांची. मार्गशीर्षात घावलं काय तर घावलं."

आभार मानणारे म्हणाले, व्याख्यान उद्बोधक झालं. मीही तसंच समजतो.

दिवा बंद केला आहे. घरातल्या तिन्ही ट्यूब लावून, पडदे ओढून बसलोय. पडद्याला चिमटे लावलेत, फट राहू नये म्हणून. उसात आवाज आहे. व्याख्यानावर विचार करायची इच्छा नाही.

८ ऑक्टोबर
सुलक्षणा आली. पिशवी ओट्यावर टाकली आणि चप्पल न काढता थेट शेवंतीत. एकेक बेड चालली. पंधरा बेड कळ्यांनी भरलेत, तिथे हात फिरवत गेली. नऊ बेडांपाशी आली आणि उभी राहिली.

माझी कारणं तयार होती. बिबट्या. ग्रुपवरचा मेसेज. ओट्यावर सुचतं. चष्मा. क्रमाने सांगायचं ठरवलं होतं. ती परत येऊन पायरीवर बसली आणि तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, मला भीती वाटत होती.

"कशाची?"

अंधाराची.

तिने आता चप्पल काढली. मग म्हणाली, "एवढंच व्हतं तर बोलायचं. सिंधूबाई आन् त्यांचं मालक आलं असतं की ओट्यावर झोपाय. मी येका फोनवर सांगितलं असतं."

दोन महिन्यांत हे सुचलं नाही.

१८ ऑक्टोबर
पंधरा बेडांचा पहिला तोडा झाला. पिवळी फुलं, क्रेटच्या क्रेट. टेम्पो गेल्यावर दादा आले. नऊ बेडांकडे बोट करून विचारलं, "आन् ह्यांचं काय झालं?" मी पुढे झालो होतो. सुलक्षणा म्हणाली, "तिकडची रोपं उशिराची व्हती, दादा. माझंच चुकलं."

मी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. बोलायला हवं होतं.

दादांनी निकाल दिला. पुढच्या वर्षी दहा गुंठे फुलं, दहा गुंठे ऊस. ती बरं म्हणाली. रात्री जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

२० ऑक्टोबर
सकाळी दादांकडे जाऊन खरं सांगितलं. दादा म्हणाले, "मला पंधरा ऑगस्टपास्नंच ठावं हाय. माझ्या माळवदावरनं तुझा दिवा दिसतो." मग बोलले का नाहीत? "मला ऊसच पायजे व्हता."

निकाल बदलणार नाही म्हणाले. दहा-दहा.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सुलक्षणाने घराच्या तीन बाजूंना पणत्या लावल्या. ओट्याच्या बाजूला एकही नाही. त्या नऊ बेडांच्या शेंड्यांना आता गाठीसारखं काही लागतंय, बोटाला कळतं, डोळ्याला नाही.

पूजा झाल्यावर दोघं ओट्यावर बसलो. दिवा न लावता. ती नातीच्या नाकाबद्दल बोलत होती, ते माझ्यावर गेलंय म्हणे. मला समोरचं काही दिसत नव्हतं. तिला दिसत असावं, कारण मधेच उठून एक ठिबकची नळी सरळ करून आली.

अंधारात एकूण अकरा मिनिटं बसलो. मग ती दूध बघायला आत गेली. मीही गेलो.