आंब्याची बिस्किटं, घरच्या मिठावर

२ एप्रिल, बुधवार. सकाळी

आजपासून वही. मी सांगणार, हे लिहिणार. मला अक्षर येत नाय, यांना दुसरं काही येत नाय. वही कुणी वाचायची नाय. यांनीसुद्धा लिहून झालं की विसरायचं. तसंही विसरतातच.

मुद्दा किमयाचा. आमची नात, वय अडीच. पुड्यातली बिस्किटं खाऊन पुढचे चार दात काळे, वजन वाढत नाय. डॉक्टर म्हणाले, पुडे बंद, घरी फळं घालून भाजून द्या. विशाल आणि सूनबाई प्रतिक्षा दोघं कंपनीत. एकाची शिफ्ट सुटते तर दुसऱ्याची भरते. प्रतिक्षा काल गोड आवाज काढून म्हणाली, आई, महिनाभर बघू. किमयाने इथे खाल्लं तर इथे. नायतर सोमवार ते शुक्रवार रोह्याला, माझ्या आईकडे.

म्हणजे परीक्षा. परीक्षेला मी भीत नाय, कारण कधी दिलेली नाय. रोह्याच्या विहीणबाई मालूताईंकडे ओव्हन हाय. असू दे. ज्यांच्या हाताला चव नाय त्यांना लागतो.

४ एप्रिल, शुक्रवार

ठराव. मैदा नाय, साखर नाय. नाचणी, खजूर, घरचं लोणी आणि रोज एक फळ.

प्रतिक्षाने मोबाइलवर दाखवलं. कुकरच्या तळाला मीठ पसरायचं, वर ताटली ठेवायची, शिट्टी काढून मंद आचेवर भाजायचं. दाखवून झालं आणि मिठाचं पाकीट फोडायला लागली. मी हात धरला. मिठागरवाल्याची लेक मी, पाकीट फोडू? भावाने दिलेलं पोतं मागल्या पडवीत उभं हाय. करडं, ओलसर, खडा हरभऱ्याएवढा. म्हणाली, आई, ओलं मीठ तापलं की उडतं. मी म्हटलं, बाय, मीठ काय बेडूक हाय?

५ एप्रिल, शनिवार. दुपारी

मीठ उडालं. पण उडणार, आच लागली की उडणारच. हळदीत बेंजो वाजतो तसं अर्धा तास कुकरात ताडताड. झाकण काढलं तर प्रत्येक बिस्किटावर पांढरे कण चमकत होते. आज केळं घातलेलं, त्याची साखर वर आली. ओव्हनात अशी आणून दाखव म्हणावं.

यांनी एक खाल्लं, खारट म्हणाले. यांची जीभ लग्नाच्या आधीच गेलेली, मला सांगितलं नव्हतं. मी दोन खाल्ली. बरोबर होती. किमयाने अर्धं खाल्लं आणि दोन पेले पाणी प्यायली. पोर पाणी पीत नाय म्हणून प्रतिक्षा वर्षभर रडते. लिहा, पहिल्याच दिवशी पाण्याचा प्रश्न सुटला.

९ एप्रिल, बुधवार

काल चिकू. किमयाने बिस्किट उचललं आणि यांच्या चपलेत ठेवलं. आजोबांवर माया.

आज आंबा. तुकडा गालात धरून तासभर बसली. सावकाश खावं, डॉक्टरही तेच सांगतात.

मालूताईंनी फोटो पाठवला. हत्तीच्या आकाराची बिस्किटं. पोरीचं तोंड केवढं, हत्ती केवढा. माझ्या बिस्किटांना आकार नाय, पण दम हाय.

हे आज चक्कर येऊन ओट्यावर बसले. प्रेशर वाढलं म्हणे. उरलेली पाच-सहा रोज यांनाच देते, टाकायची कशी? तुम्ही पेन थांबवू नका, लिहा.

१५ एप्रिल, मंगळवार

जिंकले. सहा दिवस झाले, किमया रोज सहा बिस्किटं संपवते. ताटली घेऊन मागल्या दारी जाते, रिकामी घेऊन येते. एकटीच खाते, कुणी बघितलेलं आवडत नाय. मानी पोर, माझ्यावर गेली. प्रतिक्षाला सांगितलं तर चक्क हसली. विशाल म्हणाला, मग रोह्याचं रद्द.

ठराव. पावसाळ्याआधी आमच्या रामवाडीतल्या बायकांना शिकवायचं. मालूताईंनाही बोलवायचं, मागल्या रांगेत बसवायचं.

१८ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी

शेजारच्या धोंडुबाईच्या दोन कोंबड्या मेल्या. हातात धरूनच आली. अगो, म्हणाली, तुझी नात रोज काय चारते यांना? पाणी पिऊन पिऊन मेल्या. मी म्हटलं, म्हाताऱ्या असतील. म्हणाली, आठ महिन्यांच्या होत्या. मी म्हटलं, मग कुणाची नजर.

नेमकी प्रतिक्षा घरात. तिने ताटलीतलं एक उचललं, चावलं, मोरीत जाऊन थुंकली. विशालने दुसरं चावलं. उरलेलं खिशात घातलं. आईला उलट बोलायचं नाय, हे मी शिकवलंय. मग पोरीला घेऊन दवाखान्यात गेले. वजन आधीपेक्षा अर्धा किलो कमी. दवाखान्यातले काटे कुठे बरोबर असतात.

धोंडुबाईने कोंबड्या पुरल्या. शिजवायला धजली नाय. असली भित्री बाई.

२० एप्रिल, रविवार

पोरीची पिशवी भरली. बाहुली, फ्रॉक, उशीसुद्धा. महिना पुरा व्हायला दहा दिवस होते, मी आठवण केली. प्रतिक्षा म्हणाली, आई, पुरे. मी म्हटलं, ने, चार दिवसांत रडत येईल. वाटेत खायला आंब्याचा डबा भरून दिला.

विशाल परत आला आणि म्हणाला, डबा वडखळला विसरला. पेणहून रोह्याला सरळ गाडी, वडखळला उतरायचं कशाला? चहाला उतरले असतील.

२४ एप्रिल, गुरुवार

चार दिवस झाले. रडल्याचा फोन नाय. मालूताईंच्या फोनला रेंज नसेल.

यांचं प्रेशर उतरलं. योगायोग.

२७ एप्रिल, रविवार

किमया आली. गाल भरलेत. दारातून आत येईना, आईच्या साडीत शिरली. मी आज काही भाजलं नव्हतं. कुकर घासून वर ठेवलाय. म्हटलं, ये गो बाय, आणि गालाला लावायला नुसता हात पुढे केला.

पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हात रिकामा होता. तेवढं लिहा.